घरातली युद्धकाळातली नाणी: ओळख कशी पटवायची, किंमत कशी काढायची

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले जुने वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत. सामान हलवताना माळ्यावरच्या ट्रंका उघडतात, देवघरातले पितळी डबे रिकामे होतात आणि त्यांतून पंचम आणि सहाव्या जॉर्जची नाणी निघतात. पुढे त्यांचं काय होतं ते मी बरीच वर्षं बघतो आहे. कुणी ती सराफ्यात नेऊन मोडीच्या भावात वजनावर घालतं. कुणी मोबाइलवरच्या ‘जुनं नाणं द्या, लखपती व्हा’ छाप जाहिरातीला भुलतं. आणि कुणी आधी चिंच लावून ती लख्ख घासतं, मग किंमत विचारायला येतं. तिन्ही वाटांनी नुकसानच होतं. म्हणून हा लेख, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, म्हणजे १९३९ ते १९४५ मधल्या नाण्यांबद्दल.

एक गोष्ट आधीच पक्की करू. नाणं जुनं म्हणून महाग, असं नसतं. १९४५चा रुपया ऐंशी वर्षांचा आहे, पण तो अफाट संख्येने पाडला गेला, त्यामुळे आजही सहज मिळतो. किंमत ठरते ती धातू, साल, टांकसाळीची खूण आणि नाण्याची स्थिती या चार गोष्टींवर. त्या चारही तुम्हाला घरबसल्या तपासता येतात.

आधी घासणं थांबवा

चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका. चांदीवर वर्षानुवर्षं चढलेला करडा-निळसर थर संग्राहकाला हवा असतो. नाणं कुणी छेडलेलं नाही, याची ती खूण असते. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे उठतात. भिंगातून ते लगेच दिसतात आणि कशानेही परत बुजत नाहीत. चांगल्या स्थितीतलं दुर्मिळ नाणं एका घासणीत अर्ध्या किमतीवर येऊ शकतं.

आपल्या घरांतल्या रुपयांवर बहुधा लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू असतं. ते काढायचंच असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं एक-दोन दिवस बुडवून ठेवा, मध्ये पाणी बदला आणि मग मऊ सुती कापडावर टिपून घ्या. पुसू नका, टिपा. तेलाचा चिकटपणा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवलं तरी चालतं. ते काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब करा. नाणं नेहमी कडेने धरा. बोटांचा घाम चकचकीत नाण्यावर कायमचा ठसा सोडतो.

धातूप्रमाणे ढीग लावा

या नाण्यांचा धातू म्हणजे युद्धाचा इतिहासच आहे. १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटांवरचा विश्वास डळमळला आणि नोटा देऊन चांदीचे रुपये घरात साठवायला सुरुवात झाली. सरकारने दोन उपाय केले. एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आणली आणि रुपयातली चांदी कमी केली. तोवरच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी होती. १९४०पासूनच्या रुपयात, अधेलीत (अर्ध्या रुपयात) आणि पावलीत (पाव रुपयात) ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त असं चौधातूंचं मिश्रण आलं. जुने उत्तम चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले. पुढे चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेकडून ती उसनी आणावी लागली, जितकी घेतली तितकी परत करायच्या बोलीवर. ते कर्ज स्वातंत्र्यानंतर फेडलं गेलं आणि त्यासाठी ही पन्नास टक्क्यांची नाणी गोळा करून वितळवली गेली. म्हणजे तुमच्या डब्यातला १९४४चा रुपया दोनदा भट्टीतून वाचलेला असू शकतो, एकदा सरकारी आणि एकदा सराफाच्या.

चांदीचा ढीग वेगळा झाला की पिवळ्या नाण्यांकडे वळा. चौकोनी दुआणी आणि नागमोडी कडेचा आणा आधी पांढऱ्या ताम्र-निकेलचे होते. युद्धसामग्रीसाठी निकेल हवं होतं, म्हणून १९४२ ते १९४५ या सालांत ते आणि चौकोनी अर्धा आणा पिवळसर निकेल-पितळेचे निघाले. १९४६मध्ये हे सगळे पांढरे झाले. चांगल्या चकाकीचा पिवळा आणा हाती आला तर तो सोन्यासारखा झळकतो, आणि त्यावरून फसवणूकही होते. ते सोनं नाही.

मग भोकाचा पैसा. १९४२पर्यंतचा पाव आणा म्हणजे ४.८६ ग्रॅमचा ठसठशीत तांब्याचा पैसा होता. १९४३मध्ये त्याच्या जागी मध्ये मोठं भोक असलेला २ ग्रॅमचा पैसा आला, तांबं वाचवण्यासाठी. लोकांनी तो वॉशर म्हणूनही वापरला, कारण वॉशर त्यापेक्षा महाग पडत असे. आजही जुन्या पंपांच्या आणि बैलगाड्यांच्या सामानात तो सापडतो. १९४७पर्यंत तो निघत राहिला. मुकुटाचे उंच आणि चपटे असे प्रकार त्यात आहेत, संग्राहक ते वेगळे धरतात, पण किमतीत त्याने फार मोठा फरक पडत नाही. वापरलेला भोकाचा पैसा ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बेढईच्या (डाळ भरलेल्या पुरीच्या) एका प्लेटइतक्या पैशांत मिळून जातो. त्याचे हजारो रुपये कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

शेवटी, चांदीसारखी दिसणारी पण वाघाची छबी असलेली १९४६-४७ची अधेली, पावली आणि १९४७चा रुपया. ही शुद्ध निकेलची आहेत. फ्रिजच्या दारावरचं चुंबक जवळ न्या, लगेच चिकटतील. चांदीचं नाणं कधीच चिकटणार नाही. ‘आजोबांचे चांदीचे रुपये’ म्हणून जपलेल्या थैलीत ही नाणी हमखास मिसळलेली असतात.

पहिल्या महायुद्धाचीही अशीच छोटी गोष्ट आहे. चांदी वाचवण्यासाठी १९१८पासून ताम्र-निकेलची चौकोनी दुआणी, १९१९पासून पावली आणि १९१९-२०मध्ये आठ आणे निघाले. आठ आण्याच्या खोट्या प्रती इतक्या झाल्या की तो मागे घ्यावा लागला. म्हणून चांगल्या स्थितीतला ताम्र-निकेलचा आठ आणा या गटात सगळ्यांत जास्त मागणीचा आहे. ३० नोव्हेंबर १९१७ला निघालेली एक रुपयाची नोट आणि २ जानेवारी १९१८ची अडीच रुपयांची नोट जुन्या पोथीत किंवा वहीत चुकून सापडलीच, तर घडी उलगडू नका. ती तशीच जाणकाराकडे न्या. अडीच रुपयांची नोट फार दुर्मिळ आहे.

वजन आणि पाण्याची परीक्षा

ऑनलाइन मिळणारा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. अधेली ५.८३ आणि पावली २.९२ ग्रॅम. झिजलेला रुपया ११.४पर्यंत उतरू शकतो. त्याहून खूप कमी किंवा मूळ वजनापेक्षा जास्त भरला तर संशय घ्या.

वजन बरोबर असूनही धातू खोटा असू शकतो. त्यासाठी ही परीक्षा मी सगळ्यांना शिकवतो, कारण तिला ना आम्ल लागतं ना कानस. काट्यावर पाण्याचा अर्धा भरलेला छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही, असा हातात धरा. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. आता काट्यावर जो आकडा दिसेल, त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्क्यांच्या रुपयासाठी काटा साधारण १.१३ दाखवतो आणि भागाकार १०.३च्या आसपास येतो. १९४० नंतरच्या रुपयासाठी काटा १.२२ दाखवतो, भागाकार ९.५. भागाकार ८.५ किंवा ८.७ आला तर ते जर्मन सिल्व्हर किंवा पितळेवरचा मुलामा समजा. पावलीसारख्या छोट्या नाण्यात चूक जास्त होते, म्हणून ही परीक्षा रुपयावरच करा आणि दोन-तीन वेळा करून सरासरी घ्या.

पूर्वी लोक रुपया दगडावर आपटून खणखणाट ऐकत. तसं करू नका, कडेला खड्डा पडतो. नाणं बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टोचा, खऱ्या चांदीचा नाद लांबत जातो.

टांकसाळीची खूण

नाण्याच्या मागच्या बाजूला, सालाच्या आसपास किंवा तळाच्या नक्षीत, भिंगाने बघा. काहीच खूण नसेल तर नाणं कलकत्त्याचं. टिंब किंवा पत्त्यांतल्यासारखा छोटा चौकट, क्वचित ‘बी’ अक्षर असेल तर मुंबईचं. ‘एल’ असेल तर लाहोरचं. लाहोरची टांकसाळ युद्धाच्या काळात, १९४३पासून, कामाला लागली आणि फाळणीत पाकिस्तानात गेली. त्यामुळे ‘एल’च्या नाण्यांना भावनिक ओढ आहे, पण सगळीच दुर्मिळ नाहीत. एकाच सालाच्या दोन टांकसाळींच्या नाण्यांत किमतीचा मोठा फरक असू शकतो, म्हणून खूण न बघता साल सांगून भाव विचारण्यात अर्थ नाही. न्यूमिस्टासारख्या नाण्यांची सूची देणाऱ्या संकेतस्थळावर साल आणि खूण टाकली की त्या नाण्याचा प्रकार आणि केएम क्रमांक (क्राउझ-मिशलर या सूचीतला क्रमांक) मिळतो. तो क्रमांक लिहून ठेवा. पुढे लिलावांतले जुने निकाल शोधताना तोच उपयोगी पडतो.

१९३९चा रुपया सापडला तर

सहाव्या जॉर्जचा १९३८ आणि १९३९चा रुपया उत्तम चांदीचा आहे. त्यातला १९३९चा बाजारात जवळजवळ दिसतच नाही आणि त्यामुळेच त्याच्या खोट्या प्रती सगळ्यांत जास्त. इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट कड बघा. १९४०पासूनच्या रुपयाला सुरक्षा कड आहे. उभ्या रेघांच्या मधोमध एक नक्षीदार खाच सगळीकडून फिरते. त्याआधीच्या रुपयाची कड साध्या उभ्या रेघांची. साल १९३९ आणि कड मात्र खाचेची असेल तर अंक बदललेला असण्याची दाट शक्यता. मग सराफ्यातल्या टंच काढणाऱ्या दुकानात न्या. तिथल्या मशीनवर नाणं न खरडता चांदीची टक्केवारी कळते. ९१-९२च्या आसपास यायला हवी.

एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. १९३८च्या रुपयातही तेवढीच चांदी आहे आणि त्याचा ८ कोरून ९ केलेली नाणी फिरतात. शेवटचा अंक दहापट भिंगाखाली तिरक्या उजेडात बघा. त्या अंकाभोवतीची पृष्ठभागाची चकाकी इतर अंकांभोवती आहे तशीच हवी. तिथेच खरवडल्यासारखं, सपाट किंवा वेगळ्या रंगाचं दिसलं तर संपलं. अंकाची जाडी सालातल्या आधीच्या ९शी जुळते का, तेही बघा. ओतीव प्रतीत अक्षरांच्या कडा मऊ असतात, मैदानात, म्हणजे नक्षीमधल्या मोकळ्या जागेत, सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेवर कधी कधी जोडाची रेघ दिसते. या सगळ्यांतून नाणं पार पडलं, तर ते पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांचा खरेपणा आणि दर्जा तपासणाऱ्या संस्थांकडे प्रमाणित करून घ्या. तिथून ते सीलबंद डबीत, दर्जाच्या आकड्यासह येतं. खर्च होतो, पण १९३९च्या रुपयासाठी तो करावाच. १९४५च्या झिजलेल्या रुपयासाठी करू नका, प्रमाणपत्र नाण्यापेक्षा महाग पडेल.

स्थिती बघायला शिका

टेबललॅम्पखाली नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवा. टांकसाळीतून निघाल्यावरची मूळ चकाकी शाबूत असेल तर उजेडाचा पट्टा नाण्यावरून गोल फिरतो. पॉलिश केलेल्या नाण्यात सगळीकडे एकसारखा झगझगाट असतो, पट्टा फिरत नाही. मग राजाची भुवई, कानावरचे केस आणि मुकुटातले मणी बघा. झीज तिथून सुरू होते. मणी सुटे-सुटे मोजता आले तर नाणं उत्तम, एकमेकांत मिसळले तर मध्यम, मुकुट म्हणजे नुसता सपाट फुगवटा झाला असेल तर साधं.

शेजारच्या एका आजींनी मला रुमालात बांधलेली नाणी दाखवली होती. वरवर सगळी सारखी, काळवंडलेली. त्यातल्या एका १९४१च्या अधेलीच्या कडेला, बाराच्या काट्यापाशी, दोन बारीक पांढुरके ठिपके होते. तिथे कधीकाळी हमेलीची कडी डाग दिलेली होती. आपल्या भागात, बुंदेलखंडाकडे, रुपये-अधेल्यांची हमेल गळ्यात घालायची पद्धत होती. अशी कडी काढलेली, भोक पाडलेली किंवा वाकवून सरळ केलेली नाणी संग्राहकाच्या दृष्टीने चांदीच्या भावाचीच राहतात. मात्र अख्खी हमेल असेल तर तोडू नका. दागिना म्हणून तिचं मोल वेगळं आहे.

हिशेब

आधी खालची किंमत काढा, म्हणजे धातूची. ५० टक्क्यांच्या रुपयात ५.८३ ग्रॅम शुद्ध चांदी, अधेलीत २.९२, पावलीत १.४६. जुन्या ९१.७ टक्क्यांच्या रुपयात १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या किलोच्या भावाला हजाराने भागा आणि या आकड्याने गुणा. सोयीसाठी भाव किलोला एक लाख धरला तर युद्धकाळातल्या रुपयातली चांदी ५८३ रुपयांची, जुन्या रुपयातली १०६९ रुपयांची. झिजलेलं, साधं साल असलेलं नाणं याच्याच आसपास जातं. सराफ मोडीत यापेक्षा कमी देईल आणि त्यात नेहमीच लबाडी असते असं नाही. चौधातूंच्या मिश्रणातून चांदी सोडवणं खरंच कटकटीचं काम आहे. म्हणूनच शक्यतो सराफाऐवजी संग्राहकाला द्या, त्याला ती वितळवायची नसते.

आता वरची किंमत. तुमच्या नाण्याचं साल, खूण आणि स्थिती तंतोतंत जुळणारे मागच्या दोन-तीन वर्षांतले लिलावांचे निकाल शोधा. विक्रीसाठी मांडलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकलं गेल्याची बघा. कुणी भोकाच्या पैशाला दहा लाख मागतो म्हणून त्याला ते मिळतात असं होत नाही. लिलावात कमिशनही जातं, ते वजा करा.

पितळ-निकेलची नाणी सुटी विकण्यात राम नाही. १९४२ ते १९४५ अशी सालवार, टांकसाळवार मालिका लावा. पूर्ण संच घेणारा नवा संग्राहक सहज मिळतो, आणि मला स्वतःला असा संच लावण्यात चांदीपेक्षा जास्त आनंद आहे.

आपल्या ग्वाल्हेरचा अर्धा आणा

डब्यात जीवाजीराव शिंद्यांचा चेहरा असलेलं पितळी नाणं दिसलं तर ते आवर्जून बाजूला ठेवा. ग्वाल्हेर संस्थानाने संवत १९९९मध्ये पितळेचा अर्धा आणा काढला. संवतातून ५७ वजा केले की १९४२ येतं, म्हणजे ऐन युद्ध. तांब्याऐवजी पितळ का, हे त्या सालावरूनच समजतं. बाजारभाव फार नाही, चकाकी टिकलेलं मिळालं तर थोडा चांगला. पण त्या काळात आपल्या शहराचं स्वतःचं नाणं होतं आणि ते नातवंडांना हातात देऊन दाखवता येतं. हे नाणं विकू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

विकताना

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. तरी बँकेच्या नावाने फोन येतात. फसवणुकीची पद्धत ठरलेली असते. आधी तुमच्या नाण्याला भरमसाट किंमत, मग ‘नोंदणी फी’, मग ‘जीएसटी’, मग ‘ना हरकत’. खरा खरेदीदार तुमच्याकडून एक पैसाही आधी मागत नाही.

धनत्रयोदशीच्या सुमारास सराफ्यात राणीचे आणि जॉर्जचे ‘कलदार’, म्हणजे इंग्रजी काळातले चांदीचे रुपये, ढिगाने विकायला येतात. त्यांत नव्याने पाडलेले भरपूर असतात. पूजेसाठी घ्यायला हरकत नाही, पण संग्रहासाठी वजन आणि पाण्याची परीक्षा केल्याशिवाय नाही. त्याच ढिगात ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली राम-सीता किंवा हनुमानाची नाणी दिसतील. कंपनीने तशी नाणी कधीच काढली नाहीत. ते नंतरचे धार्मिक टोकन आहेत.

नाणी दाखवायला नेताना सगळी एकदम नेऊ नका. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहा आणि यादीची एक प्रत घरी ठेवा. किमान दोघांकडून भाव घ्या. ‘सगळं मिळून इतके’ असा भाव स्वीकारू नका, चांगलं नाणं त्या ढिगातच दबतं. पावती घ्या.

वाडा पाडताना भिंतीतून किंवा जमिनीतून गाडगं निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा लपवलेला ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो गुपचूप वाटून घेणं गुन्हा आहे. ट्रंकेतल्या वारशाच्या नाण्यांना हे लागू नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी मात्र देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची नाणी आता त्यात मोडतात, म्हणून परदेशातल्या मुलांकडे ती पाठवू नका.

ठेवायची कशी

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा. त्यांतलं पीव्हीसी तांब्या-पितळेवर हिरवट चिकट थर आणतं. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदी काळी करतात. कडक, पारदर्शक मायलरची पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने साल, खूण, वजन लिहा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, तेव्हा काळजी नाही. पावसाळ्यात मात्र डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि श्रावणात एकदा डबा उघडून बघा. तांब्याच्या पैशावर हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच वेगळं करा, शेजारच्या नाण्यांनाही त्याचा त्रास होऊ शकतो.